थांबायची सुरुवात नवसारीला

पुण्यात लोहगावच्या एकाच धावपट्टीवरून दोन जातींची विमानं उडतात. एक हवाई दलाचं सुखोई-३० एमकेआय आणि दुसरं दिल्ली-बंगळुरूला माणसं नेणारं एअरबस ए३२०. विमाननगरात राहणाऱ्याला कुठलं उडालं हे कळायला खिडकीशी जावं लागत नाही. सुखोई उडालं की काचा थरथरतात आणि फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं. एअरबस उडालं तर भाजीवाल्याशी चाललेली घासाघीस तशीच चालू राहते. साहजिकच वाटतं, सुखोईच्या इंजिनाचा जोर काहीच्या काही जास्त असणार.

आकडे वेगळंच सांगतात. सुखोईचं एएल-३१एफपी इंजिन आफ्टरबर्नर पेटवून, म्हणजे झोतातच आणखी इंधन जाळून, साडेबारा टनांचा रेटा देतं. ए३२० वरच्या सीएफएम५६ इंजिनाची एक सर्रास दिसणारी आवृत्ती देते सव्वाबारा टनांचा. दोन्ही विमानांना इंजिनं दोन-दोनच. म्हणजे ढकलण्याचा जोर जवळजवळ सारखा. फरक आहे तो किमतीत. सुखोईचं एक इंजिन त्या जोरासाठी सेकंदाला साडेसहा किलोच्या वर इंधन जाळतं, एअरबसचं सव्वा किलोच्या आत भागवतं. माल एकच, भाव जवळजवळ सहापट.

असं का होतं हे कळायला न्यूटनचा तिसरा नियम आणि थोडा गुणाकार पुरतो. विमानाचं इंजिन एकच काम करतं : पुढून हवा घ्यायची आणि मागे जोरात फेकायची. हवा मागे जाते म्हणून विमान पुढे जातं. सेकंदाला किती किलो हवा फेकली आणि तिचा वेग किती वाढवला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे रेटा. सुखोईचं इंजिन सेकंदाला सुमारे ११२ किलो हवा घेतं. तेवढ्याच हवेतून साडेबारा टन काढायचे, तर झोताचा वेग सेकंदाला सुमारे ११०० मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ४००० किलोमीटर लागतो. एअरबसचं इंजिन सेकंदाला ४०० किलो हवा घेतं, त्यामुळे त्याचं काम सेकंदाला ३०० मीटरवर होतं. गुणाकार दोन्हीकडे तेवढाच.

पण रेटा वेगाच्या पटीत वाढतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत. सगळी गोम इथे आहे. हवा चौपट घेतली आणि वेग पावपट ठेवला, तर रेटा तोच राहतो आणि ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. आवाजाचं गणित तर याहून भयंकर आहे. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिलं, की ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट केला, तर आवाजाची शक्ती २५६ पट. ध्वनीचा वेग ओलांडल्यावर नियम बदलतो, पण तोवर काचा थरथरायच्या त्या थरथरलेल्याच असतात.

मग लढाऊ विमानाला रुंद पंखा का लावत नाहीत? ध्वनीच्या दुप्पट वेगाने हवा कापत जायचं असेल, तर दोन मीटर व्यासाचं तोंड पुढे करून जाता येत नाही. प्रवासी विमानाला ती घाई नाही. त्यामुळे प्रवासी विमानाच्या इंजिनाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास एका वाक्यात मावतो : तोंड रुंद करत गेले आणि झोत मंद करत गेले.

किती रुंद? ब्रिटनचं पहिलं जेट विमान १५ मे १९४१ रोजी उडालं. फ्रँक व्हिटलच्या त्या इंजिनाचा रेटा होता सुमारे ३९० किलो. (याच व्हिटलचं पेटंट १९३५ मध्ये रद्द झालं होतं, कारण नूतनीकरणाचे पाच पौंड त्याच्याकडे नव्हते आणि सरकारी खात्याने ते भरायला नकार दिला. सरकारी खाती सगळीकडे सारखीच.) नोव्हेंबर २०१७ मध्ये जीई कंपनीच्या जीई९एक्स इंजिनाने अमेरिकेतल्या ओहायोत चाचणीच्या वेळी १,३४,३०० पौंड, म्हणजे जवळपास ६१ टन रेटा दिला. व्हिटलच्या इंजिनाच्या दीडशे पटींहून जास्त. बोइंग ७७७एक्ससाठी बनवलेल्या या इंजिनाचा पंखा ३.४ मीटर व्यासाचा आहे आणि त्याला पाती फक्त सोळा, तीही कार्बन धाग्याची. याच्या आधीचं जीई९०-११५बी अनेक वर्षं मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या ७७७ विमानांच्या पंखांखाली लटकत आलं आहे. या घराण्यातल्या इंजिनांचे काही सुटे भाग आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात.

हे जीई९० पूर्ण जोरात असताना सेकंदाला सुमारे १६०० किलो हवा ओढतं. आपण हवेला वजन आहे असं धरतच नाही, म्हणून आकडा डोक्यात शिरत नाही. दहा बाय बाराच्या चाळीस खोल्या घेतल्या, दारं-खिडक्या बंद केल्या, तर त्यांत जेवढी हवा मावेल तेवढी एका सेकंदात आत. यातला दहावा हिस्साच मधल्या गाभ्यात जातो, तिथे दाबला जातो, इंधनाबरोबर जळतो. बाकीचे नऊ हिस्से गाभ्याच्या बाहेरून नुसते पंख्याने ढकलले जाऊन मागे निघून जातात. बहुतेक रेटा याच थंड हवेचा असतो. आग हवी ती पंखा फिरवायला.

त्या आगीचं मात्र कौतुक करायलाच हवं. ज्वलनकक्षातून निघालेला वायू टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर आदळतो तेव्हा त्याचं तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या वर असतं. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो त्याच्याआधीच वितळतो. म्हणजे पातं स्वतःच्या वितळणबिंदूहून तप्त झोतात उभं असतं आणि हजारो तास टिकतं. त्यासाठी पातं आतून पोकळ ठेवतात आणि त्याला बारीक भोकं पाडतात. त्यांतून तुलनेने गार हवा सोडली, की पात्याभोवती तिचा पातळ पडदा तयार होतो. ‘गार’ म्हणजे पाच-सहाशे अंशांची बरं का. शिवाय अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात, कारण दोन स्फटिकांमधली सीमा ही धातूची सगळ्यात कच्ची जागा. तळहातावर मावणारं हे पातं मिनिटाला बारा हजारांहून जास्त फेरे घेतं. त्या फिरण्याने त्याच्या मुळावर सुमारे अठरा टनांची ओढ बसते, आणि रोल्स-रॉइसच्या सांगण्यानुसार एकेक पातं एका फॉर्म्युला वन गाडीइतकी शक्ती वायूतून काढून घेतं. अशी साठ-सत्तर पाती एका चकतीत.

आता हिशेब मांडू, आणि तो महावितरणच्या युनिटमध्ये मांडू, कारण ते माप आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एक टन वजन ३६७ मीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी. बिलावर थोड्याशा रुपयांत मिळते म्हणून तिची किंमत वाटत नाही इतकंच.

७५ टनांचं भरलेलं ए३२० धावपट्टीच्या टोकाशी उभं आहे. वैमानिक पूर्ण रेटा देतो. जवळपास ३५ सेकंदांत विमान ताशी २७० किलोमीटरवर पोहोचतं आणि जमीन सोडतं. त्या क्षणी त्याच्या अंगातली गतीची ऊर्जा भरते सुमारे ५९ युनिट. आणि तेवढ्या वेळात दोन इंजिनांनी जाळलेल्या ऐंशी किलो इंधनातली ऊर्जा? साडेनऊशे युनिटच्या आसपास. शंभरातले सहा विमानाला मिळाले, चौऱ्याण्णव मागे उष्णतेत आणि वावटळीत गेले. इंजिनं निकामी आहेत असं नव्हे. ब्रेक दाबून धरून पूर्ण जोर दिला, तर विमानाला काहीच मिळत नाही, सगळं वाऱ्याला जातं. जसजसं विमान वेग घेतं तसतसा त्याचा वाटा वाढत जातो. वर, ताशी ८३० किलोमीटरच्या वेगात, तो इंधनातल्या ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोहोचतो. जेट इंजिन वेगात असतानाच काटकसरी होतं, धावपट्टीवर ते उधळं असतं.

वर गेल्यावरचा आकडा मला सगळ्यात अजब वाटतो. या विमानाचे पंख एक टन हवेच्या विरोधाच्या बदल्यात सतरा-अठरा टन उचलतात. म्हणजे सत्तर टनांचं विमान ३६,००० फुटांवर तरंगत ठेवायला लागणारा रेटा किती, तर जेमतेम चार टन. दोन्ही इंजिनं मिळून. उड्डाणाच्या वेळी साडेचोवीस टन देणाऱ्या जोडीकडून वर त्याच्या सहाव्या हिश्शाएवढंच मागितलं जातं. अर्थात तिथली हवाही जमिनीजवळच्या हवेच्या तीस टक्के इतकीच दाट, त्यामुळे मनात आणलं तरी इंजिनं फार जास्त देऊ शकत नाहीत. चार टनांचा रेटा आणि तो वेग यांचा गुणाकार केला, की निघतात नऊ मेगावॉटच्या वर. १८० प्रवाशांत वाटले तर माणशी ५० किलोवॉट. कोपऱ्यातल्या जागेवर पोहे खात बसलेल्या प्रत्येकाला तासाला ५० युनिट नुसत्या ढकलण्यापोटी लागताहेत. इंधनाच्या भाषेत मात्र हेच विमान भरलेलं असेल, तर माणशी लिटरला पन्नास किलोमीटर देतं. एकटा माणूस घेऊन निघालेल्या कुठल्याही मोटारीने खाली मान घालावी.

इथवरचा हिशेब कमाईचा झाला. आता ही कमाई खर्च करून संपवायची आहे, आणि बहुतेकांची समजूत इथेच चुकते.

विमानाची चाकं टेकतात, मागून गर्जना होते, छातीवर पट्टा आवळतो, कुणीतरी टाळ्या वाजवतो. प्रवाशाला वाटतं, विमान थांबवायचं काम ते हेच. चाकं टेकताना ६५ टनांचं ए३२० ताशी सुमारे २४५ किलोमीटरने धावत असतं. त्याची गतीची ऊर्जा होते ४२ युनिट. लक्षात ठेवा, ४२.

आता हेच विमान २५ मिनिटं आधी कुठे होतं ते बघा. ११ किलोमीटर उंचीवर, ताशी ८३० किलोमीटर वेगात. वेगापोटी त्याच्याकडे ४८० युनिटच्या आसपास होते आणि उंचीपोटी १९५०. बेरीज २४०० च्या वर. म्हणजे जमिनीला टेकण्याआधीच त्याने जवळपास २३८० युनिट हवेत जिरवले. थांबण्याचं ९८ टक्के काम आकाशातच उरकलेलं असतं. खाली जी गर्जना ऐकून आपण सुटकेचा श्वास सोडतो, तो उरलेल्या दोन टक्क्यांचा गाजावाजा. आणि त्यातही गंमत अशी, की वेगापेक्षा उंचीचं भांडवल चौपट असतं. आकाशात वेग कमी करणं ही बाजू किरकोळ, खरं कसब उंची मोडण्यात आहे.

मुंबई विमानतळावर दिवसाला हजाराच्या आसपास उड्डाणं-उतरणं होतात. त्यातली निम्मी उतरणारी आणि सगळी ए३२० एवढीच धरली, तरी रोज बारा लाख युनिट मुंबईच्या आसपासच्या हवेत मुरतात. हवा तसूभर गरम होते, थोडी घुसळली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही ऊर्जा वाया जाते असं मात्र समजू नका. वैमानिकांचा एक साधा आडाखा आहे : हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल. ३६,००० फुटांवरून उतरायचं तर १०८ नॉटिकल मैल, म्हणजे २०० किलोमीटर. दिल्लीहून मुंबईला येणारं विमान ढोबळमानाने नवसारीच्या आसपास असतानाच इंजिनांचा जोर जवळजवळ काढून घेतं. तिथून पुढे ते मुख्यतः उंची खर्चून चालतं. सतरास एक या प्रमाणात ११ किलोमीटर उंचीतून १८७ किलोमीटर अंतर निघतं, आणि वैमानिकांचा आडाखाही जवळपास तेवढ्यालाच येतो. सकाळच्या विमानाने कचेरीच्या कामाला येणारा प्रत्येक माणूस शेवटची वीसेक मिनिटं जवळपास ग्लायडरमध्येच बसलेला असतो. फक्त त्याला तसं कुणी सांगत नाही.

कॅनडातल्या ६९ जणांना ते २३ जुलै १९८३ रोजी सांगावं लागलं. एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं उड्डाण, कोरं करकरीत बोइंग ७६७, माँट्रियलहून एडमंटनला निघालेलं. टाकीतलं इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं. ७,६८२ लिटर निघालं. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायचं. देशात नुकतीच मेट्रिक पद्धत आली होती आणि कंपनीचं हे पहिलंच मेट्रिक मापाचं विमान. हिशेबात ०.८ ऐवजी जुना आकडा आला, १.७७. तो लिटरचे पौंड करतो. उत्तर पौंडात निघालं आणि सगळ्यांनी ते किलो म्हणून वाचलं. २०,००० लिटरच्या वर इंधन भरायला हवं होतं, तिथे भरलं ४,९१६ लिटर.

४१,००० फुटांवर एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. बॉब पिअर्सन हे कॅप्टन हौशी ग्लायडर वैमानिक होते, हे त्या ६९ जणांचं नशीब. सहवैमानिक मॉरिस किंटल यांनी एकेकाळी जिथे हवाई दलात नोकरी केली, तो गिमलीचा तळ आवाक्यात होता. तो तळ आता बंद झालाय आणि धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी तिथे मोटारवाल्यांचा मेळावा होता. लोक सहकुटुंब आले होते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा मजेचा भाग पुढे आहे. इंधन संपलेल्या विमानाची शेवटची अडचण काय असावी? उंची जास्त. धावपट्टी समोर आली तेव्हा विमान फार वर होतं. इंजिनं बंद, म्हणून पंखांच्या मागच्या-पुढच्या पट्ट्या उघडायला लागणारा हायड्रॉलिक दाब नाही. घिरटी घालायला उंची पुरेशी नाही आणि सरळ उतरायला ती जास्त. पिअर्सननी ग्लायडरवाल्यांची जुनी युक्ती केली. एका बाजूचा पंख खाली झुकवला आणि शेपटाचं सुकाणू उलट दिशेला दाबलं. विमान तिरकं होऊन अंगावर वारा घेत घसरू लागलं. अख्खं धडच ब्रेक झालं. एवढं मोठं प्रवासी विमान असं उतरवायचं कुणी शिकवलेलं नव्हतं. उंची हवी तशी मोडली, अगदी शेवटी विमान सरळ केलं, चाकं टेकली. नाकाचं चाक नीट अडकलं नव्हतं, ते दुमडलं आणि नाक डांबरावर घासत गेलं. त्या घासण्याचाही थांबायला उपयोगच झाला. कुणी दगावलं नाही. ते विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत चाललं.

रोजच्या उड्डाणात अशी तिरकी कसरत नको म्हणून पंखांवर स्पॉयलर असतात. खिडकीतून पंखाच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या फळ्या दिसतात त्या. त्या पंखावरची सुरळीत हवा बिघडवतात, विरोध वाढवतात, उचल मोडतात. उतरताना त्या बराच वेळ उघड्या दिसल्या, तर समजावं, की वर चढायला विकत घेतलेलं थोडं इंधन आता फेकून दिलं जातंय. बहुतेक वेळा दोष वैमानिकाचा नसतो. आकाशातल्या वाहतुकीमुळे नियंत्रण कक्षाने त्याला उशिरा खाली सोडलेलं असतं. आणि इतकं सुबक विमान एकाच वेळी झपाट्याने खाली येऊन वेगही कमी करायला तयार नसतं. उतार धरला की ते पळतं, वेग मोडायला गेलं की उतरत नाही. दहा हजार फुटांखाली ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते, म्हणून त्या उंचीजवळ विमान बऱ्याचदा थोडं सपाट होतं आणि श्वास घेतल्यासारखं थबकतं.

अगदी शेवटच्या टप्प्यात आणखी एक उलटा प्रकार घडतो. चाकं खाली, पंखांच्या पट्ट्या पूर्ण उघड्या, विरोध एवढा वाढलेला, की तीन अंशांचा उतार विमानाला पुरत नाही. उतारामुळे मिळतो साडेतीन टनांच्या आतला रेटा आणि विरोध असतो त्याच्या दुपटीच्याही वर. म्हणून उतरताना इंजिनं पुन्हा चांगली फिरवत ठेवावी लागतात. हे मुद्दाम केलेलं आहे. मोठं इंजिन सुस्त फिरत असेल, तर पूर्ण जोरावर यायला त्याला काही सेकंद लागतात. धावपट्टीवर ऐनवेळी कुत्रं आलं, तर तेवढा वेळ नसतो. एका हाताने ब्रेक धरून दुसऱ्या हाताने ढकलत राहायचं, असा हा उतरण्याचा रिवाज आहे.

रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे चाकं टेकल्यावर इंजिनांचा झोत पुढे वळवणं, आकाशात का वापरत नाहीत, असं कुणी विचारतं. काही विमानांनी वापरला आहे. डग्लस डीसी-८ ची आतली दोन इंजिनं हवेत उलटी करता येत. आपल्या हवाई दलाच्या सी-१७ मालवाहू विमानातही ती सोय आहे, त्यामुळे ते दगड टाकावा तसं खाली येऊ शकतं. टोकाचं उदाहरण नासाचं. स्पेस शटल उतरताना इंजिनाविना १८ ते २० अंशांच्या उतारावर कोसळत यायचं, प्रवासी विमानाच्या सहापट तीव्र. त्याचा सराव करायला एक गल्फस्ट्रीम जेट असं बदललं होतं, की मोठी चाकं खाली सोडून आणि इंजिनं उलटी करून ते हवेत उडायचं. म्हणजे चांगलं विमान घ्यायचं आणि शटलइतकं वाईट उडेपर्यंत बिघडवायचं. शटलच्या कमांडरला असे किमान हजार वेळा उतरण्याचे प्रयोग करावे लागत.

पण त्यासाठी विमान मुळापासून तसं घडवावं लागतं. २६ मे १९९१ रोजी थायलंडवर चढत असलेल्या लाउडा एअरच्या बोइंग ७६७ चा एका बाजूचा रिव्हर्सर आपोआप उघडला. उलटलेल्या झोताने त्या बाजूच्या पंखाची उचलच हिरावली. विमान हवेतच तुटलं आणि २२३ जण गेले. त्यानंतर रिव्हर्सरला आणखी एक स्वतंत्र कुलूप आलं.

राहिली धावपट्टीवरची ४२ युनिट. चाकं टेकताच स्पॉयलर उघडतात, पंखांची उचल मोडते आणि विमानाचं वजन चाकांवर बसतं. चाकांवर वजन नसेल, तर ब्रेक दाबून उपयोग नाही. इंजिनं बाहेरून जाणारी थंड हवा पुढे वळवतात. आवाज खूप होतो, काम मात्र बहुतांशी ब्रेकच करतात. किती बहुतांशी, हे यावरून कळेल, की कोरड्या धावपट्टीवर किती अंतरात थांबता आलं पाहिजे हे प्रमाणित करताना रिव्हर्स थ्रस्ट हिशेबात धरतच नाहीत, आणि अवाढव्य ए३८० च्या चार इंजिनांपैकी दोनांनाच रिव्हर्सर आहेत. तो कामाला येतो जुलैच्या मुंबईत. पाणी साचलेल्या पट्टीवर टायर पकड सोडतात, हवेला फेकणारं इंजिन पकडीवर अवलंबून नसतं.

ए३२० च्या ब्रेकचं तापमान तीनशे अंशांवर गेलं की कॉकपिटमध्ये इशारा येतो आणि ते निवेपर्यंत विमान पुन्हा उडत नाही. तीस मिनिटांत परतीला निघायची घाई असलेल्या कंपन्या म्हणूनच चाकांना पंखे लावून घेतात. पण ब्रेकची खरी परीक्षा उडता उडता थांबण्यात. २०११ मध्ये बोइंगने ७४७-८ ची ही चाचणी कॅलिफोर्नियात घेतली. वजन ४४२ टन, वेग ताशी ३२० किलोमीटर, ब्रेक मुद्दाम पूर्ण झिजवलेले, रिव्हर्सर बंद. जवळपास ४९० युनिट अर्ध्या मिनिटात जिरवायचे. ब्रेकच्या चकत्या १४०० अंशांवर जाऊन लालबुंद झाल्या. टायर फुटू नयेत म्हणून चाकातल्या बुचांनी वितळून हवा सोडून दिली. नियम असा, की विमान थांबल्यावर पाच मिनिटं अग्निशमन दलाने हात लावायचा नाही, कारण प्रत्यक्षात गाडी पोहोचायला तेवढा वेळ लागू शकतो. बंब बाजूला उभा, चाकं लाल, आणि सगळे घड्याळाकडे बघताहेत.

आणि जिथे धावपट्टीच नाही? गोव्यात हंसा या नौदल तळावर जहाजाच्या डेकसारखी चाचणीची पट्टी बांधलेली आहे. तेजसच्या नौदल आवृत्तीने १३ सप्टेंबर २०१९ रोजी तिथे पहिल्यांदा शेपटाखालचा आकडा तारेत अडकवून थांबून दाखवलं. चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० ला, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेच विमान आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरवलं. विमान ताशी सुमारे २४० किलोमीटरवरून नव्वदेक मीटरमध्ये शून्यावर आलं. हिशेब केला तर तीन सेकंदांच्या आत, आणि वैमानिकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या अडीचपट जोर. ए३२० च्या प्रवाशांना याच्या आठव्या हिश्शाएवढा झटका बसला तरी बाया-बापड्या देवाचं नाव घेतात.

डेकवर उतरताना वैमानिकाचा डावा हात काय करतो? चाकं टेकल्याबरोबर तो इंजिनाला पूर्ण जोर देतो. आकडा तारेत अडकला नाही, तर पुढे समुद्रच असतो, आणि उरलेल्या डेकवरून पुन्हा उडायला तेवढाच जोर हवा. तार धरली, विमान पुढे जायचं थांबलं अशी खात्री पटेपर्यंत तो हात मागे येत नाही.